पाळणाघर चांगलंय, ते ॲप सोडून (साडेतीन स्टार)

मुलगा अडीच वर्षांचा, आठ महिने झाले इथे जातोय, म्हटलं लिहूनच टाकते. जागा म्हणजे तळमजल्यावरचा टू बीएचके, खेळणी जुनी, सीसीटीव्ही आहे पण दुसऱ्या आठवड्यात मी बघायचं सोडलं. जीव आहे तो मावशींमध्ये. सोलापूरकडच्या आहेत, मऊ भात तूप घालून भरवतात आणि पोरगं घरी येऊन "हाय की" म्हणतंय. सासूबाईंना आधी ते जड गेलं, भाषा बिघडेल म्हणे, परवा त्याच फोनवर सगळ्यांना ऐकवत होत्या!

बीएडला ब्रॉनफेनब्रेनर नावाचा मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होता, १९१७ला मॉस्कोत जन्मून लहानपणीच अमेरिकेत गेलेला, १९६५ला तिकडे गरीब मुलांसाठी हेड स्टार्ट हा शाळेआधीचा सरकारी कार्यक्रम निघाला त्याच्या उभारणीत असलेला. त्याची ती मुलाच्या भोवतीची, एकात एक रशियन बाहुल्यांसारखी वर्तुळं आम्ही परीक्षेपुरती घोकली. आत घर आणि पाळणाघर, मग त्यांचं आपसातलं नातं, मग आईबापाचं ऑफिस, मग रितीभाती, कायदे. कळलं मात्र इथल्या गेटवर. मावशी म्हणाल्या, चार दिवस झाले पोरांना चावतोय, घरी काय झालंय का? झालं होतं ना, नवऱ्याला नाईट शिफ्ट लागलेली, बाबा दिवसा झोपणार म्हणून घरात सारखं गप्प बस, गप्प बस. मावशींनी त्याला दुपारी अंगणात हुंदडायला सोडलं, आम्ही घरात ओरडणं कमी केलं, पंधरा दिवसांत चावणं बंद. नवऱ्याच्या मॅनेजरने माझं पोर कधी बघितलेलं पण नाही.

आता जूनपासून मॅडमनी ॲप आणलंय. जेवला, झोपला, शी झाली, सगळ्याला टिकमार्क, आणि मावशींना गेटवर बोलायचं नाही अशी ताकीद, म्हणे गर्दी होते. आजी गावाला गेली त्या दिवशी दुपारभर रडला होता, ॲपवर हसरी स्मायली!! अडीचशेचं ॲप शुल्क वेगळंच.

साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये, हाही त्रासच, पुण्याचं ट्रॅफिक काय सांगून येतं का. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं असली की ऑफिसला पाळणाघर द्यावं लागतं, आमच्यात ३८ आहेत, म्हणजे सुटले ते.

मी हल्ली डब्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकते, मावशी मागे पेन्सिलीने लिहून पाठवतात. मुलगा तिथेच राहणार. चौकशीला जायचं तर दीडनंतर जा, पोरं झोपलेली असतात, मावशी मोकळ्या सापडतात.