आधी दार विचारा, मग दर: सात वद्य एकादश्यांचा पुण्यातला मुक्काम

सोलापूरहून पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर. एसटीत बसलं की दोन तासांत कळस दिसतो. तरी मी अडीचशे किलोमीटर उलट्या अंगाला पुण्याला जाते आणि तिथून चालायला लागते. आमच्या जाऊबाई म्हणतात, "देव दारात, अन् तुमची वरात गावभर." त्यांना काय सांगणार? शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं, एकदा तरी आषाढी वारी आळंदीपासून पायी करायची. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदम उठून अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणजे गुडघ्यांनाही आधी विचारायला हवं. म्हणून २०२४च्या कार्तिकापासून २०२५च्या वैशाखापर्यंत दर वद्य एकादशीला पुणे ते आळंदी चालले. आळंदीची महिन्याची वारी वद्य एकादशीची असते, पंढरीची शुद्ध एकादशीची, तेव्हा दोन्हीत गोंधळही होत नाही.

दशमीच्या संध्याकाळी पुण्यात पोचायचं, रात्री पाठ टेकायची, पहाटे चारला निघायचं. संगमवाडी, विश्रांतवाडी, कळस, दिघी करत वीस-बावीस किलोमीटर चाललं की दहाच्या आत आळंदी. म्हणजे पुण्यात माझं काम एका रात्रीचं, खरं तर सहा तासांच्या झोपेचं. त्या सहा तासांसाठी सात महिन्यांत काय काय करून पाहिलं ते इथे लिहिते. एकट्या बाईच्या अनुभवातून लिहितेय, तेव्हा पुरुष मंडळींनी त्यांच्या हिशोबाने वजा-बेरीज करावी.

पहिली एकादशी कार्तिकातली. माउलींच्या समाधी सोहळ्याची, आळंदीत मुंगीला जागा नाही, त्यामुळे पुण्यातही स्टेशनकडचे स्वस्त लॉज भरलेले. दुपारच्या इंटरसिटीने संध्याकाळी उतरले आणि पाठीवर सॅक घेऊन एकेक पायरी चढत सुटले. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं. "एकट्याच? सिंगल लेडीजला देत नाही." का, विचारलं तर "वरून सांगितलंय." वर कोण बसलंय ते तीन लॉज पालथे घालूनही कळलं नाही. तेहतीस वर्षं वर्ग सांभाळला, पाचशे पोरांच्या सहली नेल्या, आणि मला एक खोली मिळेना! चौथ्या ठिकाणी मिळाली, नऊशे रुपयांना, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गादीत ढेकूण होते, पण ते मी त्या दिवशी मनावर घेतलं नसतं.

मनावर घेतलं ते पहाटे. चारला खाली आले तर शटर ओढलेलं, आतून कुलूप, आणि मुलगा काउंटरमागे कान झाकून घोंगडीत. उठवला. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर सहाला येतो. बरं, आग लागली तर? यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच लावणार आहे. पावणेसहापर्यंत मी त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट घालून बसले होते. बाहेरून टाळांचा आवाज यायचा, जवळ यायचा, लांब जायचा. लोक चालत होते आणि मी नऊशे रुपये भरून कोंडलेली.

त्या दिवसापासून कुठेही फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "पहाटे चारला दार कोण उघडेल?" भाडं त्यानंतर. समोरचा अडखळला की फोन ठेवायचा. चालणाऱ्या माणसाला एसी, टीव्ही, नाश्ता मोफत यातलं काहीच उपयोगाचं नसतं, कारण नाश्ता आठला आणि आपण आठला दिघीत. कार्तिकात दोन तास उशीर झाला तर गर्दीशिवाय काही बिघडत नाही. चैत्र-वैशाखात मात्र नऊनंतर त्या रस्त्यावर डांबर तव्यासारखं तापतं. मेट्रो स्वारगेटपर्यंत झालीय खरी, पण ती सुरू होते सहाला.

मार्गशीर्षात मुलाने मोबाईलवर ॲपवरून खोली काढून दिली. सातशे एकोणपन्नास दिसत होते, कर धरून आठशे चाळीसच्या घरात गेले. (हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. म्हणजे मी चालत होते तेव्हा १२च.) पोचले तर काउंटरवर उत्तर: "या ॲपचं बुकिंग आम्ही बंद केलंय, डायरेक्ट घ्या, अकराशे." रात्रीचे साडेआठ. घेतली. पैसे परत मिळायला तीन आठवडे आणि मुलाचे दहा-बारा फोन लागले. तेव्हा ॲपवर खोली दिसली तरी त्या ठिकाणचा नंबर शोधून आधी तिथे बोलावं. बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्यावं. दार मात्र इथे चोवीस तास उघडं होतं, ते कबूल करायला हवं. आणखी एक, आधारची झेरॉक्स सगळेच मागतात. आधारच्या साइटवरून मास्क्ड प्रत काढता येते, तिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ती दोन-तीन छापून सॅकमध्ये ठेवली की झेरॉक्सचं दुकान शोधत फिरावं लागत नाही.

पौषात रेल्वेची रिटायरिंग रूम. खोली नव्हे, डॉर्मिटरीतला बेड. हे बुकिंग ऑनलाइन होतं, पण कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो, आणि बायकांसाठी बेड आहे की नाही हे स्टेशनागणिक वेगळं. मला मिळाला. लॉजच्या निम्म्याहून कमी पैसे, चादर धुतलेली, आणि दाराची चिंताच नाही, स्टेशन कधी झोपत नाही. मीही झोपले नाही. रात्रभर "यात्रीगण कृपया ध्यान दें". पहाटे साडेतीनला डोळा लागत होता तेवढ्यात माझाच गजर वाजला. कानात कापसाचे बोळे घालायची सवय असेल तर एका रात्रीसाठी ही सगळ्यात सरळ सोय आहे. बॅग क्लोकरूमला ठेवायची असेल तर तिला कुलूप हवं, उघडी पिशवी घेत नाहीत. माझी सॅक दोरीची. समोरच्या टपरीवर छोटं कुलूप साठ रुपयांना मिळालं, आणि त्याची एक किल्ली मी आळंदीत हरवली. असो. माघात पुन्हा प्रयत्न केला तर एकही बेड शिल्लक नव्हता. तिथे भरवसा ठेवून निघता येत नाही, ही त्यातली खरी अडचण.

दुसरी अडचण पैशांची. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद, आणि एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मग मी रेल्वेने का जायचं? केवळ पीएनआरसाठी? माघात एसटी धरली. सोलापूरची एसटी स्वारगेटला सोडते. तिथून स्टेशनकडे जाण्यापेक्षा पेठांत जाणं जवळ, हे कळायला मला चार महिने लागले.

त्याच एसटीत मोहोळला एक मुलगी शेजारी येऊन बसली. एमपीएससी करत होती, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट महिन्याच्या भाड्याने घेऊन, राहत होती. मी कुठे उतरणार विचारल्यावर मी लॉजची सगळी रडकथा सांगितली. ती म्हणाली, "मावशी, आमच्या रूमवर एक कॉट रिकामी आहे. घरमालकीण आजींना विचारू का?" एसटीतूनच फोन लागला. आजींनी माझ्याशी बोलायला मागितलं आणि पहिलं वाक्य: "पान-तंबाखू खाता का?" दुसरं: "रात्री दहानंतर दार बंद होतं." मी विचारलं, "पहाटे चारला?" थोडं थांबून म्हणाल्या, "ती सोनपावलं पावणेचारलाच उठतात अभ्यासाला. त्यांच्यासाठी उघडतंच की."

तिथे मी माघ ते वैशाख चार वेळा राहिले. एका रात्रीचे अडीचशे रुपये, गेस्ट चार्ज म्हणून. महिन्याने घेणाऱ्या मुली डिपॉझिट देतात, माझ्याकडून काही घेतलं नाही.

वाड्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, चार लोखंडी कॉट, प्रत्येकीवर प्लाय आणि वर कापसाची पातळ गादी. कॉटखाली पत्र्याची पेटी, डोक्याशी खिळ्याला दोरी. भिंतीवर नकाशे आणि हाताने लिहिलेले तक्ते. माझ्या कॉटसमोर नद्यांचा तक्ता होता: भीमेच्या उपनद्या, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण, सीना. पहिल्या रात्री झोप येईना म्हणून तो वाचत पडले आणि हसू आलं. माउलींची पालखी इंद्रायणीवरून निघते, नीरेत पादुकांना स्नान होतं, शेवट भीमेच्या काठी, आणि सीना तर आमच्या सोलापूरच्या जवळून जाते. आपण पायांनी जे पाठ करणार ते या मुलींना चार गुणांसाठी पाठ करायचंय.

पहाटे पावणेचारला मोहोळची मुलगी हळू आवाजात म्हणायची, "मावशी, पाणी ठेवलंय." ती अभ्यासिकेला निघायची, मी आळंदीला. लक्ष्मी रस्त्यापर्यंत बरोबर. सॅक कॉटखाली तशीच राहायची. दुपारी आळंदीहून पीएमपीने स्वारगेटला यायचं, सॅक उचलायची, संध्याकाळची एसटी. बारा वाजता चेकआउट आणि मग बॅग कुठे ठेवू, ही भानगडच संपली. लॉजच्या दरात ही भानगड कोणी धरत नाही, पण बावीस किलोमीटर चालून आलेल्या पायांना ती बरोबर कळते.

सगळं गोड आहे असं समजू नका. आठ मुलींत एकच संडास, तोही अंगणापलीकडे. दिवा रात्री एकपर्यंत जळतो, आणि कुजबुजत केलेलं राज्यघटनेचं पाठांतर मोठ्याने बोलण्यापेक्षा जास्त त्रास देतं. गादी पातळ, माझ्या कमरेने फाल्गुनात तक्रार केली, तेव्हापासून घरून एक सोलापुरी चादर दुमडून नेते. आजींचा दहाचा नियम म्हणजे दहाचाच, चैत्रात टेंभुर्णीजवळ एसटी बिघडली आणि मला दहा वाजून वीस मिनिटं झाली, तर वीस मिनिटांचं बौद्धिक दारातच ऐकलं. शिवाय ही सोय फक्त बायकांची. फाल्गुनात हे बरोबर आले होते, त्यांना स्वारगेटजवळ पुरुषांच्या डॉर्मिटरीत झोपावं लागलं. तिथे काय झालं ते विचारू नका, त्यांनी मलाही धड सांगितलेलं नाही.

अशी कॉट कशी शोधायची, हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. पेठांतल्या खांबांवर, मेसच्या दारांवर "मुलींसाठी कॉट बेसिसवर" असे कागद चिकटवलेले असतात. फोन केला की आधी "महिन्याने" असंच म्हणतात. तेव्हा भाडेकरू म्हणून विचारूच नये. "तुमच्याकडच्या मुलीची पाहुणी म्हणून एक रात्र चालेल का," असं विचारावं. ओळखीची एक तरी मुलगी लागते, आणि प्रत्येक गावातली एक तरी मुलगी पुण्यात अभ्यासाला असतेच. दिवाळीत आणि मोठ्या परीक्षेनंतरच्या आठवड्यात कॉट हमखास रिकाम्या.

आता वारीचं. १९ जून २०२५ला माउलींचं प्रस्थान. मी दिंडीत नाव घातलं होतं, भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी भरली होती, त्यामुळे आळंदीत धर्मशाळेच्या हॉलमध्ये जागा होती. दिंडीत असाल तर लॉजचा विचारच करू नका, जेवण-मुक्काम सगळं भिशीत. २०ला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री मुक्काम. त्या दोन रात्रींसाठी मी मेमध्येच सहज चौकशी केली होती, तर स्टेशनकडचे लॉज दुप्पट भाडं सांगत होते आणि तेही आगाऊ.

आमच्या दिंडीचा मुक्काम महापालिकेच्या एका शाळेत होता. वर्गात बाकं बाजूला सारून सतरंज्या. पुरुषांचं भागलं. बायकांना आंघोळीला आडोसा नव्हता आणि संडासाची रांग पहाटे तीनपासून. मी आजींना फोन केला, म्हटलं, आंघोळीपुरत्या येऊ का, अकरा जणी आहोत. आजी म्हणाल्या, "आंघोळीपुरत्या कशाला?"

दुसऱ्या रात्री त्या लांबट खोलीत, ओसरीवर आणि स्वयंपाकघरात मिळून आम्ही अकरा आणि त्यांच्या आठ मुली. तुळशी-वृंदावनं डोक्यावरून उतरवून नद्यांच्या तक्त्याखाली ओळीने ठेवली. आजी चपला मोजत होत्या. "बावीस. बाहेर राहणार नाहीत, आत घ्या." साडेदहा वाजले तरी कोणी ना कोणी ये-जा करतच होतं. मी घड्याळाकडे पाहिलेलं त्यांनी बघितलं. "कुलूप कुठे ठेवलं काय की," म्हणाल्या, "सापडत नाहीये आज." कुलूप खिडकीत होतं. मला दिसत होतं.

पहाटे पावणेचारला निघालो, सासवडला, दिवे घाटाचा लांबचा टप्पा. पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला, म्हणाल्या एकादशीला आलीस की घेईन.

दिवाळीनंतर मात्र त्यांनी गेस्ट चार्ज अडीचशेचा तीनशे केलाय. मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीसाठी मी कॉट सांगून ठेवली आहे, खिडकीकडची.