जमनापारी की बरबरी? ग्वाल्हेरात घरच्या दुधासाठी बकरी घेण्याआधी

मुरारच्या पुढे प्लॉट घेतलेली मंडळी भेटली की विषय हमखास बकरीवर येतो. "घरच्या दुधापुरत्या दोन ठेवू म्हणतोय, जमनापारी मिळेल का?" बरबरीचं नाव कुणी आपणहून काढत नाही.

जमनापारीची भुरळ मला कळते. भिंड ओलांडून इटाव्याकडे गेलं की यमुना आणि चंबळ यांच्यामधला चकरनगरचा बीहड, म्हणजे घळीओघळींचा मुलूख, लागतो, ते तिचं माहेर. पोपटासारखं बाकदार नाक, वीतभर लोंबणारे दुमडलेले कान, मांड्यांच्या मागे लांब केसांचे झुपके. इंग्रजांनी ती विलायतेला नेली. अँग्लो-न्युबियन जातीत तिचं रक्त आहे. इंडोनेशियात तिच्या वंशाला आजही एटावा म्हणतात. आणि इथे, घराजवळ, शुद्ध जनावर शोधत हिंडावं लागतं. बाजारात जमनापारी म्हणून जे दाखवतात त्यात संकरच जास्त.

बरबरी त्यामानाने पोरसवदा. नळीसारखे ताठ छोटे कान, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांबून हरणाचं पाडस वाटावं. मादी 25-30 किलोची; जमनापारी सहज 45 च्या आसपास. आग्रा, मथुरा, एटा, अलीगढ भागातली ही जात गल्लीबोळांत दाव्याला बांधून वाढत आली आहे.

दुधाचं म्हणाल तर जमनापारी दिवसाला दीड-दोन लिटर, बरबरी पाऊण ते एक. इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो. पण जमनापारीची पाट (तरुण मादी) पहिल्यांदा विते तीच दोन वर्षांची होताना, पुढे साधारण वर्षाला एक वेत, आणि बहुधा एकच करडू. बरबरी दोन वर्षांत तीनदा विऊ शकते, जुळी तर नेहमीचीच. दोन बरबऱ्या मागेपुढे गाभण राहतील असं जमवलं तर चहाचं दूध बहुतेक वर्षभर घरचं. एकटी जमनापारी आटली की तुम्ही पुन्हा डेअरीच्या रांगेत.

खरी गोम मात्र खाण्यात आहे. माझी पहिली जमनापारी मी चार महिने बांधून ठेवली होती. समोर हरभऱ्याचा भुसा, वर मोहरीची पेंड मिसळलेला भरडा. ती भुसा हुंगायची आणि मान वर करून भिंतीपलीकडच्या शेवग्याकडे बघत उभी राहायची. दूध लिटरभराच्या खाली आलं. शेवटी पाला खाली न टाकता तिच्या डोक्याच्या उंचीवर दोरीने टांगायला लागलो आणि रोज संध्याकाळी नाल्याकाठच्या बोरी-बाभळींत न्यायला लागलो. मागचे पाय जमिनीवर, पुढचे खोडावर, आणि ओठांनी काट्यांमधून एकेक पान वेचायचं: अर्धा अर्धा तास ती त्याच झाडापाशी असायची. महिन्याभरात दूध परत आलं. पण तो संध्याकाळचा वेळ कुणीतरी द्यावा लागतो, लग्नकार्य असो की पाऊस. आमच्याकडे शेजारचे निवृत्त काका आहेत, म्हणून चाललंय.

बरबरीचं असं काही नाही. भाजीची देठं, डाळीची चुनी, तुरीचा भुसा, सगळं चालतं. खोड एकच: उड्या. आमच्या स्कूटरची सीट तिनेच फाडली. सडही आखूड, माझी मूठ बसत नाही, चिमटीने पिळावं लागतं; जमनापारीचे लांब सड धार काढायला सुखाचे.

तेव्हा माझं मत सरळ आहे. भोवती झुडपं आणि हाताशी रिकामा माणूस असेल तर जमनापारी. नुसतं अंगण असेल तर बरबरी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

"दुर्मीळ जात वाचवायची आहे" म्हणणाऱ्यांना मी पहिलं बोकडाचं विचारतो. शुद्ध बोकड मिळाला नाही तर पुढची पिढी संकरित. मिळाला आणि तोच ठेवला तर दोन वर्षांत स्वतःच्याच लेकींवर जाईल. शिवाय बोकड जवळ बांधला की दुधाला वास मारतो. म्हणजे बोकड बाहेरून आणायचा आणि दर दोन वर्षांनी बदलायचा, एवढी तयारी हवी. मथुरेजवळ फरहच्या मखदूमला 1979 पासून केंद्रीय बकरी संशोधन संस्था आहे. तिथे दोन्ही जातींचे कळप आहेत, प्रशिक्षणही मिळतं. आग्र्यामार्गे सकाळी निघून रात्री परत येता येतं.

पीपीआर (शेळ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषार (आतड्यांतली विषबाधा) यांच्या लसी दोघींनाही लागतात. जानेवारीच्या धुक्यात करडं जमिनीवर झोपू देऊ नका, फळी आणि पोतं द्या. डेंग्यूच्या दिवसांत ओळख ना पाळख असलेले लोक दूध मागायला दारात येतात. त्याने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही हे मी सांगतो, आणि उकळल्याशिवाय पिऊ नका हेही. ऐकतं कोण!

घेताना कास बघून भुलू नका. मी एक अशीच टरटरलेल्या कासेची आणली. घरी आल्यावर कळलं, डाव्या सडातून थेंब नाही. विकणारे दोन वेळा धार न काढता आणतात. तोंड उघडून दात बघा, मी चार दातीच, म्हणजे चार पक्के दात आलेलीच घेतो. मग दोन्ही सड स्वतःच्या हाताने, तळहातावर पिळा. गाठी किंवा पाणी दिसलं तर सोडून द्या. कास पूर्ण रिकामी करायला लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. तेव्हा जेवढं निघेल तेवढंच तिचं दूध धरा.