एन-एट-एन: उद्यमनगरच्या वर्कशॉपसाठी स्वतःच्या सर्व्हरवर

आमचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशिनिंगचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग-मिलिंग करून पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला, पाठवतो. मशिनशॉप आमचे हे आणि भाऊजी बघतात, ऑफिस माझ्याकडे. या ऑफिससाठी मी एन-एट-एन (n8n) हे ऑटोमेशनचं, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) बसवलं आणि आता ते रोज चालतंय. मत आधीच सांगते. छोट्या कारखान्याच्या ऑफिसला इतकं उपयोगी पडणारं दुसरं सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही. पण ज्या ऑफिसात नेमाने बॅकअप घेणारं कुणी नाही, तिथे ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवू नये.

बर्लिनच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०१९ मध्ये आलं. स्क्रीनवर एकेक नोड, म्हणजे एका कामाचा चौकोन, ठेवायचा आणि रेघेने पुढच्याला जोडायचा, एवढीच पद्धत. अशा जोडलेल्या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. मेल आला, पीडीएफ वाचली, शीटमध्ये ओळ भरली, निरोप गेला. कोड न लिहिताही बरंच होतं. जावास्क्रिप्ट थोडी येत असेल तर आणखी होतं.

आम्हाला सगळ्यात मोठा फायदा झाला तो ड्रॉइंगच्या रिव्हिजनमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत. पार्टी एखाद्या बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बदलते आणि नवं ड्रॉइंग मेलने पाठवते. मेल ऑफिसात, मशिन शॉपवर. मधल्या वेळात जुन्या ड्रॉइंगवर जॉब कापले गेले तर कास्टिंगही गेलं आणि मशिनचे तासही गेले. आता मेल आला की वर्कफ्लो फाइलच्या नावातून पार्ट नंबर आणि रिव्हिजन काढतो, आमच्या यादीशी ताडून बघतो आणि बदल असेल तर शॉपच्या टेलिग्राम ग्रुपवर निरोप टाकतो. ड्रॉइंग मात्र ग्रुपवर जात नाही, फक्त पार्ट नंबर आणि नवी रिव्हिजन. प्रिंट ऑफिसातूनच न्यायची. आमचे फोरमन मामा म्हणतात, "वहिनी, ड्रॉइंग बदललं की आता मला हितंच कळतंय बघा."

दुसरं काम थकीत पेमेंटचं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला धार आली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. हे दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून मोजतात. म्हणून शीटमध्ये पोच मिळाल्याची तारीख मी वेगळ्या रकान्यात ठेवली आहे. वर्कफ्लो रोज सकाळी ती वाचतो आणि तिसाव्या दिवशी साधी आठवण, चाळिसाव्या दिवशी कायद्याचा उल्लेख असलेलं पत्र तयार करतो. पाठवत नाही, जीमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवतो. वीस-वीस वर्षांच्या पार्ट्या आहेत, त्यांना काय शब्द जातात ते मी वाचूनच जाऊ देते.

स्वतःच्या सर्व्हरवर का, याची कारणं दोन. अशा कामाच्या तयार सेवा वापराच्या मोजणीवर पैसे घेतात. कुठे प्रत्येक टप्पा मोजतात, एन-एट-एनच्याच क्लाउडवर वर्कफ्लो कितीदा चालला ते मोजतात. स्वतः बसवलेल्या कम्युनिटी, म्हणजे फुकट आवृत्तीत ही मोजणी नाही, सर्व्हरचं भाडं तेवढं द्यायचं. दुसरं, पार्टीची ड्रॉइंग आणि आमचे दर आणखी एका कंपनीच्या हातातून जायला नकोत. सर्व्हर ऑफिसातल्या जुन्या पीसीवरही चालला असता, पण लाइट गेली की काम थांबणार. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात एकच प्रत एकाच जागी ठेवणं मला पटत नाही. म्हणून २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि बॅकअप रोज तिथून दुसरीकडे जातो.

बसवणं अवघड नाही. डॉकर कंपोजच्या (कुठले कंटेनर एकत्र चालवायचे ते सांगणाऱ्या) एका फाइलमध्ये तीन कंटेनर: एन-एट-एन, पोस्टग्रेस डेटाबेस आणि पुढे दारावर कॅडी, म्हणजे बाहेरून येणारं सगळं आधी स्वतः घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर. एन-एट-एन ५६७८ पोर्टवर (सर्व्हरच्या या नंबरच्या दारावर) ऐकतं. तो पोर्ट बाहेर उघडा ठेवायचा नाही, सगळं कॅडीतून आणायचं. कॅडी एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आपणहून आणतो आणि आपणहून नवं करतो. टेलिग्रामचा ट्रिगर (तिकडून निरोप आला की वर्कफ्लो सुरू करणारा नोड) एचटीटीपीएसशिवाय चालतच नाही, त्यामुळे याला पर्याय नाही. वेबहुकचा, म्हणजे बाहेरच्या सेवा जिथे निरोप पाठवतात तो पत्ताही सेटिंगमध्ये स्वतःच्या डोमेनचा द्यायचा, नाहीतर त्यांना लोकलहोस्टचा, म्हणजे बाहेरून न पोचणारा पत्ता जातो. आणि डेटासाठी व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरच्या बाहेरची साठवणीची जागा, हवीच. व्हॉल्यूम नसेल तर कंटेनर काढला की आत साठवलेलं सगळं गेलं.

टाइमझोन आधी बदला. मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं. सकाळी ९ चं काम आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होईल, तिकडच्या हिवाळ्यात साडेसातला.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे एन्क्रिप्शन की. मेलचे पासवर्ड, टेलिग्रामचं टोकन, गुगलचं लॉगिन, सगळं या किल्लीने कुलूपबंद होऊन डेटाबेसमध्ये बसतं. पहिल्यांदा सुरू होताना सॉफ्टवेअर ती स्वतः बनवून एका फाइलमध्ये ठेवतं. डेटाबेसचा बॅकअप आहे पण किल्ली नाही, तर वर्कफ्लो परत मिळतील, लॉगिन एकही उघडणार नाही. मी ती स्वतः ठरवून दिली आणि एक प्रत कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवली.

गुगल जोडायला वेळ लागतो. त्यासाठी गुगलच्या कन्सोलमध्ये आपल्या नावाने एक ॲप नोंदवावं लागतं. ते टेस्टिंगमध्ये राहिलं तर जीमेल आणि शीटची परवानगी दर ७ दिवसांनी संपते. ॲप प्रॉडक्शनमध्ये न्यावं लागतं. आणि काहीही बिघडलं तरी कळलं पाहिजे, म्हणून एरर ट्रिगरचा (चूक झाली की सुरू होणारा) एक वेगळा वर्कफ्लो करा. कुठलंही काम बंद पडलं की तो मला निरोप देतो. माझ्या मते पहिला वर्कफ्लो हाच करावा, कारण गपचूप बंद पडलेल्या आठवणीच्या पत्रांपेक्षा वही बरी.

अपडेटची जबाबदारीही आपलीच. डिसेंबर २०२५ मध्ये यात एक गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्त केलेल्या आवृत्त्याही आल्या. ज्याने नव्या आवृत्तीची इमेज (कंटेनरचा साचा) ओढून कंटेनर नव्याने सुरू केला तो सुटला. मी फाइलमध्ये आवृत्तीचा नंबर नेमका लिहिते, बॅकअप घेते, बदलांची यादी वाचते आणि मगच पुढे जाते.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो वर्कफ्लो वाटून वापरता येत नाहीत म्हणून. फुकट आवृत्तीत दुसऱ्या माणसाला खातं देता येतं, पण माझा वर्कफ्लो त्याच्याबरोबर शेअर करता येत नाही. ते पैशाच्या आवृत्तीत आहे. मी सुट्टीवर असले तर बिलांचं काम भाऊजींनी त्यांच्या खात्यातून बघावं, एवढीच माझी गरज आहे, आणि तेवढं तरी छोट्या ऑफिसला मोकळं द्यायला हवं होतं.