एफिसस की सार्दिस?

मुक्काम तुर्कस्तानातल्या इझमीरला आहे, हाताशी एकच दिवस आहे आणि एखादे प्राचीन अनातोलियन शहर एकेका राजवटीत कसे घडत गेले हे पाहायचे आहे, तर दक्षिणेला एफिसस गाठावे की पूर्वेला सार्दिस? मराठी बायबलमधली इफिस आणि सार्दीस ती हीच.

भव्यतेत एफिसस पुढे आहे. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग आणि उतारावरची श्रीमंतांची घरे यांच्या तोडीचे सार्दिसला फारसे काही नाही, हे आधीच मान्य करतो. माझी अडचण वेगळीच होती. नदीच्या गाळाने बंदर बुजत गेले आणि शहर जागा बदलत राहिले, त्यामुळे तिथे प्रत्येक काळ निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. आर्टेमिस देवीच्या देवळाचा, तुकडे रचून उभा केलेला एकुलता खांब आजच्या सेल्चुक गावाच्या कडेला पाणथळ जागेत. अलेक्झांडरचा सेनापती लिसिमाखस याने वसवलेले आणि पुढे रोमनांनी सजवलेले नगर दोन डोंगरांच्या मध्ये. बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियनने बांधलेले सेंट जॉनचे चर्च आयासुलुकच्या टेकडीवर आणि १३७५ची ईसा बे मशीद तिच्या पायथ्याशी. रोमन नगरात दुपार कशी झाली ते कळले नाही, उरलेला वेळ टॅक्सी शोधण्यात गेला आणि रात्री टिपणे काढताना चार वेगवेगळी गावे पाहिल्यासारखे वाटले.

सार्दिस मात्र लिडियाचा राजा क्रीसस याचे राज्य इराणच्या सायरसने बुडवल्यावरही आणि इ.स. १७च्या भूकंपाने पडल्यावरही आपल्या जागेवरून फारसे हलले नाही. पाक्टोलस नदीच्या काठी लिडियन कारागिरांनी सोने शुद्ध केले ती जागा आहे, तिथून वर चालत गेले की आर्टेमिसचे देऊळ लागते आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्याला अगदी चिकटून एक लहानसे बायझंटाईन चर्च उभे आहे. देवळाच्या प्रचंड खांबांशेजारी ते एखाद्या ओवरीएवढे दिसते. हमरस्त्यालगत रोमन व्यायामशाळेच्या संकुलातच यहुद्यांचे सिनेगॉग आहे. त्यातल्या संगमरवरी मेजाच्या टेकूंवर रोमन गरुड कोरलेले आहेत, तर दोन्ही बाजूंना त्याहून कितीतरी जुन्या सिंहांच्या जोड्या बसवल्या आहेत. त्या मेजापाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

अर्थात सार्दिसला सावली कमी, आणि वाचून न गेलेल्याला लिडियन अवशेष मातीचे ढिगारे वाटू शकतील. मुले बरोबर असतील तर एफिससच बरे पडावे. मला पुन्हा असा दिवस मिळाला, तर मी सालिहलीची गाडी पकडून अलीकडे, सार्दिसशेजारच्या सार्त गावी उतरेन.