नऊ महिने खिशात: स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा मोठा चाकू

घेतला तो निव्वळ उघडण्याच्या मोहाने. पात्याच्या बुडाशी असलेला छोटा खटका तर्जनीने जरा दाबला की पातं खट्कन बाहेर येऊन लॉक होतं. पहिले दोन आठवडे मी कारण नसताना चाकू उघडत-मिटत बसायचो. आता नऊ महिने झालेत आणि त्या उघडण्यापेक्षा मिटवण्याबद्दलच मला जास्त सांगायचंय.

आधी मापं. पातं साडेनऊ सेंटिमीटर, मिटलेला असताना लांबी साडेबारा, वजन साधारण १६५ ग्रॅम. पोलाद डी२, लायनर लॉक (मुठीतली पातळ धातूची पट्टी सरकून उघडं पातं अडवते), मुठीला खरखरीत जी१० (काचतंतू आणि रेझिनचा कडक थर), उजव्या खिशासाठी क्लिप.

बटण दाबून उघडणाऱ्या ऑटोमॅटिक चाकूपेक्षा हा प्रकार वेगळा आहे, हे घेण्याआधी नीट समजून घ्या. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग कायम पातं बाहेर ढकलायला टपलेली असते, बटणाचा अडसर काढला की झालं. इथे मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंग उलट पात्याला आतच धरून ठेवते. आपण बोटाने ते थोडं उचललं की एक टप्पा ओलांडला जातो आणि मग तीच स्प्रिंग पातं पुढे फेकते. अमेरिकेच्या १९५८च्या स्विचब्लेड (म्हणजे ऑटोमॅटिक चाकूंच्या) कायद्यात २००९ साली सूट घातली गेली ती याच फरकावर. ब्रिटनने मात्र २०१९च्या कायद्याने व्याख्या रुंदावून हे चाकूही बंदीत ओढले. तेव्हा आपण राहतो आणि जातो तिथला नियम आधी वाचायचा, मगच खिशात ठेवायचा.

आता मिटवणं. लायनर अंगठ्याने बाजूला सारायचा आणि पातं स्प्रिंगच्या जोराविरुद्ध आत आणायचं. साध्या फोल्डिंग चाकूत हे एका हाताने सहज होतं. इथे शेवटच्या टप्प्यापर्यंत पातं परत उघडायला बघतं, आणि नेमकं त्या वेळी अंगठा त्याच्या वाटेत असतो. दुसऱ्या महिन्यात घाईत मला तिथेच कापलं. खोल नव्हतं, पण तेव्हापासून मी दोन्ही हातांनीच मिटवतो: एका हातात मूठ, दुसऱ्याचा तळवा पात्याच्या पाठीवर. पात्याच्या वाटेत एकही बोट नको. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. हा चाकू हळू उघडता येत नाही. टप्पा ओलांडला की वेग स्प्रिंगचा. शेजारी बसलेल्या माणसासमोर पार्सल उघडायला काढला की तो दचकतो, आणि त्याचं काही चुकत नाही. हल्ली मी दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या दोन्ही बाजू धरून ते सावकाश सोडतो. लहान मूल जवळ असेल तर चाकू काढतच नाही.

लांबीचा उपयोग मात्र खराखुरा आहे. जाड पुठ्ठा, दोरखंड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, फळं, सगळीकडे लांब पातं एका ओढीत काम करतं. कलिंगडासारखं मोठं फळ कापताना तर छोटा चाकू आठवतसुद्धा नाही. उलट पेन्सिलीला टोक काढणं, शिवण उसवणं, काटा काढणं यात तो अवजड वाटतो, कारण टोक बोटांपासून फार दूर राहतं. आणि १६५ ग्रॅम पातळ कापडाच्या पँटच्या खिशाला खाली खेचतात. जीन्समध्ये जाणवत नाही.

डी२ची धार मला फार आवडली. रोज पुठ्ठा कापूनही महिना-दीड महिना निसण्यावर घासावं लागत नाही, मधे चामड्यावर चार हात फिरवले की भागतं. पण एकदा बोथट झाली की परत आणायला घाम निघतो. आणि हे पोलाद पुरतं स्टेनलेस नाही. गंज रोखणारं क्रोमियम साधारण १२ टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बनशी जखडलेलं असतं. लिंबू कापून पातं न पुसता ठेवलं, तर सकाळी त्यावर करडे डाग होते. ते अजून आहेत.

पाचव्या महिन्यात पातं अर्ध्यावर अडकायला लागलं. स्प्रिंग गेली असं वाटून जीव हळहळला. नीट उजेडात धरून बघितलं तर पिव्होटपाशी, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी, खिशातलं सूत आणि धूळ साचली होती, आणि मीच काही दिवसांपूर्वी पिव्होटचा स्क्रू जास्त आवळला होता. हवेच्या फवाऱ्याने साफ केलं, पातळ तेलाचा एकच थेंब टाकला, टॉर्क्सने (सहा टोकांच्या स्क्रूड्रायव्हरने) स्क्रू किंचित सैल केला आणि आधीसारखा चालायला लागला. पुरता खोलायच्या भानगडीत पडलो नाही. ताणलेली स्प्रिंग परत बसवणं हे नवख्याचं काम नव्हे.

खिशात तो टोक वर ठेवून, खिशाच्या मागच्या शिवणीला चिकटवून ठेवा. मग मिटलेल्या पात्याची पाठ शिवणीला टेकते आणि चुकून खटका दाबला गेला तरी पातं उघडायला जागा राहत नाही. किल्ल्या त्या खिशात अजिबात नकोत. माझ्या चाकूला छोटी सरकती कडी आहे, ती लावली की खटका हलत नाही. सुरुवातीला ती मला अडचण वाटायची. आता कडी लावल्याशिवाय चाकू खिशात जात नाही, आणि पुढचा चाकू घेताना मी सगळ्यात आधी तीच बघणार आहे. तो बहुधा दोन सेंटिमीटर आखूड आणि बिनस्प्रिंगचा असेल. हा मात्र विकणार नाही, प्रवासाच्या पिशवीत राहील.