कियारी १ की कियारी २? आकडा नीट वाचा
एमआरआयच्या रिपोर्टवर ‘कियारी’ (लहान मेंदूचा भाग कवटीतून खाली सरकण्याचा दोष) दिसलं, की आधी पुढचा आकडा बघा, तो प्रकार सांगतो. विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये प्रागला हे प्रकार मांडले.

पहिल्यात लहान मेंदूचे टॉन्सिल (घशातले नव्हेत, लहान मेंदूची खालची टोकं) कवटीच्या तळाच्या भोकातून साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली उतरतात. बाकी मेंदू बहुधा ठीक असतो. खोकला आला की मानेमागून कळ उठते. काहींना मात्र कधीच त्रास होत नाही.

दुसरा कितीतरी गंभीर. पाठीवर उघड्या मणक्याची गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांत तो आढळतो. लहान मेंदूचा मधला भाग आणि ब्रेनस्टेमही (मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा देठ) खाली सरकतो, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम अनेकदा अर्धवट घडतो, डोक्यात पाणी साठतं. ते पाणी काढण्यासाठी बसवलेली नळी (शंट) तुंबून बाळ सुस्त झालं, उलट्या करू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका.