सराव व्हायवा सेवा : यादी टाकाऊ, उलटतपासणी मोलाची

आधी निकाल सांगते, मग कारणं. पीएचडीच्या व्हायवाचा, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेचा, सराव करून देणाऱ्या या सेवेतलं सराव सत्र जरूर घ्या. सोबत येणारी ‘शंभर संभाव्य प्रश्न’ ही फाइल उघडली नाही तरी चालेल. आणि स्लाइड तपासून देण्याचं जादा पॅकेज अजिबात घेऊ नका.

माझा प्रबंध ग्रंथालयशास्त्रातला. महाविद्यालयीन विद्यार्थी ई-जर्नल्स आणि डेटाबेस किती आणि कसे वापरतात, हा विषय. थिसिस जमा केल्यापासून व्हायवापर्यंत मोठा रिकामा काळ जातो. प्रबंध तपासणाऱ्या रेफरींचे अहवाल यायचे असतात, आपण नोकरीत परत गुरफटतो, आणि ज्या प्रकरणापायी झोप उडाली होती त्यातलं कोष्टक कितव्या पानावर आहे तेही आठवेनासं होतं. गाइड मॅडमना या सेवेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “थिसिस काही आता बदलायचा नाहीये. तुला बोलायची सवय हवी आहे. घे खुशाल, फक्त तुझ्या वतीने उत्तरं लिहून देणार असतील तर नको.” उत्तरं ते लिहून देत नाहीत, हे इथेच सांगून टाकते.

नोंदणीच्या फॉर्मवरूनच लक्षात आलं की हे काम जाणणाऱ्या माणसांनी बनवलंय. व्हायवा कुठल्या पद्धतीचा, हे ते सगळ्यात आधी विचारतात. ब्रिटनमध्ये बहुधा बंद दाराआड एक अंतर्गत आणि एक बाह्य परीक्षक बसतात, आणि वेळ ठरलेली नसते. दोन-तीन तासही जातात. नेदरलँड्समध्ये जाहीर समारंभ असतो, प्रश्नोत्तरं ४५ मिनिटं; वेळ संपली की दंडधारी अधिकारी आत येऊन ‘होरा एस्ट’ म्हणतो आणि उमेदवाराचं वाक्य अर्धं राहिलं तरी चालतं. माझा प्रकार तिसरा : ओपन व्हायवा, सुरुवातीला सादरीकरण, मग परीक्षकांचे प्रश्न आणि शेवटी मागे बसलेल्यांपैकी कोणालाही विचारायची मुभा. बंद खोलीत तासभर एकाच परिच्छेदावर टिकून राहायचं आणि भरल्या सभागृहात मोजक्या वाक्यांत उत्तर द्यायचं, या दोन्हींची तयारी एकसारखी कशी असेल?

फॉर्मनंतर ती यादी येते. “आपल्या संशोधनातील नावीन्य सांगा”, “हाच विषय का निवडला”, “मर्यादा कोणत्या”. हे प्रश्न तर सिनॉप्सिसच्या वेळीच विचारून झालेले असतात. त्यात भर म्हणजे खाली नमुना उत्तरं दिली आहेत. ती पाठ करून गेलेला उमेदवार परीक्षकाला दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येईल.

खरा माल सत्रात आहे. दीड तास, समोर दोन परीक्षक : एक संशोधनपद्धती शिकवणारे, एक पूर्ण वेगळ्या विद्याशाखेतल्या बाई. दोघांनी प्रबंध वाचलेला होता, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

“नमुन्यात ३८४ विद्यार्थी, हा आकडा कुठून आला?”

“नमुना केवढा घ्यायचा ते सांगणारं क्रेजसी आणि मॉर्गन यांचं १९७० चं कोष्टक.”

“कोष्टक राहू द्या. आकडा निघतो कसा?”

हे येत होतं. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी, प्रमाण ०.५ धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६.

“छान. हे गणित साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावा तशा नमुन्याचं झालं. तुमचा नमुना कुठला?”

माझा सोयीनुसार. ग्रंथालयात आलेल्यांना प्रश्नावली दिली होती, आणि प्रबंधात ते स्वच्छ लिहिलंही आहे. तेवढ्यात दुसऱ्या परीक्षक बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, “पण ई-जर्नल वाचायला ग्रंथालयात यायची गरजच काय? जे घरून लॉगिन करतात ते तुमच्या आकड्यात कुठे आहेत?”

विषयाबाहेरच्या माणसाचा हा प्रश्न मला सगळ्या सत्रात सर्वांत मोलाचा वाटला. उत्तर प्रबंधात होतं : घरून होणाऱ्या वापरासाठी मी प्रकाशकांकडून मिळणारे आकडे वेगळ्या प्रकरणात घेतले आहेत. पण हे दोन भाग एकमेकांची उणीव भरून काढतात, असं जोडून मी तोवर कधी बोलले नव्हते. ३८४ हा प्रतिसादांचा किमान पल्ला, त्यावरून सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल दावा नाही, आणि न आलेल्यांची बाजू वापराच्या आकडेवारीतून तपासली : एवढी तीन वाक्यं मला त्या बाईंमुळे सापडली.

मग सर प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेकडे वळले. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, ०.७० च्या वर असला की आपण निर्धास्त होतो. माझा ०.९१ होता. “इतका जास्त कशामुळे? एकच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारलाय का?” असा चिमटा सरांनी काढला. शंका रास्तच आहे, फार उंच अल्फा पुनरुक्तीचंही लक्षण असू शकतो.

सत्रानंतर ध्वनिमुद्रण आणि लेखी अहवाल मिळतो. अहवाल नेमका आहे. ‘पुढे हे कसं तपासाल’ या प्रकारच्या प्रश्नांवर मी फार त्रोटक बोलते, असं त्यात लिहिलं होतं. इलेक्ट्रॉनसारखे कण लहरींसारखेही वागतात, असं प्रबंधात मांडणाऱ्या लुई दी ब्रॉग्ली या भौतिकशास्त्रज्ञाला १९२४ मध्ये त्याच्या डॉक्टरेटच्या परीक्षेत परीक्षक ज्याँ पेरँ यांनी असंच काहीसं विचारलं होतं : या लहरी प्रयोगात दिसतील कशा? स्फटिकांवरून इलेक्ट्रॉनचं विवर्तन (लहरींसारखं पसरणं) पाहा, असं त्याने सांगितलं, आणि १९२७ मध्ये डेव्हिसन व गर्मर यांच्या प्रयोगात तेच दिसलं. माझ्या प्रबंधातून नोबेल निघणार नाही हे मान्य, पण पुढच्या तपासणीचं एखादं ठोस वाक्य तयार ठेवायला काय हरकत आहे? मुद्रण ऐकणं मात्र शिक्षा आहे. प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तराला सुरुवात करते, तेही ‘म्हणजे कसंय ना’ म्हणत. त्यावर त्यांचा उपाय सोपा आहे : प्रश्न कागदावर उतरवा, मगच तोंड उघडा.

आणखी एक सूचना बारीक, पण कामाची. व्हायवाला जमा केलेलीच प्रत न्या, नंतर दुरुस्त केलेली नको. पानं एका ओळीने जरी सरकली तरी परीक्षक म्हणतात ते ‘पान १४२’ तुम्हाला सापडत नाही. सापडलेल्या चुकांचं शुद्धिपत्र वेगळं न्यावं.

आता उणी बाजू. स्लाइडवरचे शेरे साचेबंद आहेत : ‘मजकूर कमी करा’, ‘अक्षर मोठं करा’. माझ्या आलेखातला अक्ष शून्यापासून सुरू होत नव्हता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ‘आत्मविश्वास सत्र’ म्हणजे दीर्घ श्वास आणि गोड बोलणं. अप्रकाशित प्रबंध अपलोड केल्यावर फाइल कधी पुसणार, हेही आपण होऊन सांगत नाहीत. मी ईमेल करून लेखी घेतलं, तुम्हीही घ्या.

मोठी मर्यादा विषयाच्या खोलीची. प्रत्यक्ष व्हायवात नमुन्याचा प्रश्न आला आणि निभावला, पण बाह्य परीक्षकांचा सगळा भर होता ‘वापर’ कशाला म्हणायचं यावर. डाउनलोड म्हणजे वाचन का? एकाच पीडीएफवर दोनदा क्लिक झालं तर? ई-साहित्याचा वापर कसा मोजायचा ते ठरवणाऱ्या ‘काउंटर’ (COUNTER) या मानकाच्या नियमांनुसार ३० सेकंदांच्या आत त्याच दुव्यावर पुन्हा केलेलं क्लिक एकच धरतात, हे मला माझ्या रोजच्या कामामुळे ठाऊक होतं. सराव सत्रात याचा मागमूसही नव्हता, आणि त्या दोघांकडून तशी अपेक्षाही नाही. तिथे तुमच्या विषयातला जाणकारच लागेल.

विभागातले दोन ज्येष्ठ सहकारी प्रबंध खरोखर वाचून दोन तास देणार असतील, तर ही सेवा घ्यायची गरज नाही. माझे सहकारी प्रेमळ आहेत. “उत्तम झालंय गं” याच्या पुढे जात नाहीत.

पाचपैकी चार तारे. रेफरींचे अहवाल तुम्हाला आधी मिळणार असतील तर ते हातात पडल्यावरच सत्राची तारीख घ्या आणि अहवाल परीक्षकांना पाठवून द्या. बुकिंग करताना दुसरा परीक्षक विषयाबाहेरचा हवा, असं शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहा; नाहीतर दोघेही पद्धतीवालेच मिळण्याची शक्यता आहे.